लाईट गेल्यानंतरचे नव्वद मायक्रोसेकंद

"पगार कापला नाही ताई, पण विचारलं."

मामा हे बोलले तेव्हा शेडमध्ये लाईट नव्हती, म्हणूनच ते मला ऐकू आलं. एरवी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये कानाशी येऊन ओरडलं तरी निम्मं बोलणं मागांच्या आवाजात जातं. लाईट गेली की सोळाच्या सोळा माग थांबतात आणि तोवर ज्यांच्याकडे लक्ष नसतं अशा गोष्टी एकेक करून जाणवायला लागतात. डोक्यावरचा तापलेला पत्रा, खळीचा आंबूस वास, ग्रीसचा वास, घामाने मानेला चिकटलेले कापसाचे तंतू, कोपऱ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर चाललेलं तेलुगू गाणं. मामा सुताच्या कोनच्या खोक्यावर बसले होते आणि सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, निघालेल्या टॉवेलने मान पुसत होते. त्यांना सगळेच मामा म्हणतात, मागांची देखभाल बघणारा जॉबरही आणि मालकांचा मुलगाही. आदल्या आठवड्यात या मुलाने मोबाइल त्यांच्यासमोर धरला होता. अकरा नंबरचा माग, सकाळी लाईट जाऊन आल्यापासून रात्रीपर्यंत 'बंद'. "मामा, दिवसभर कुठं होता?" मामा दिवसभर त्या मागासमोरच उभे होते. विणलेलं कापड रोलवर होतं, मीटर मोजता आले असते. त्यांनी तसं सांगूनही पाहिलं. पण मोबाइलवरचा लाल पट्टा रोलपेक्षा खरा ठरला.

मजुरी कापडावर मिळते, त्यामुळे पैशांचं नुकसान काही झालं नव्हतं. तरी ते वाक्य मी घरी घेऊन आले. जेवताना आठवलं, रात्री पंख्याखाली पडल्यावर आठवलं. मला त्या शेडमध्ये बोलावलं होतं ते मामांसाठी नव्हे, भिंतीवरच्या डब्यासाठी.

मी काय काम करते हे सोलापुरात समजावून सांगणं जिकिरीचं आहे. नात्यातल्या लोकांच्या लेखी मी "कॉम्प्युटरचं काहीतरी" करते आणि प्रिंटर बंद पडला की त्यांना माझी आठवण येते. प्रत्यक्षात मी लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर लिहिते आणि दुरुस्त करते, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्रामला एखादी चिप किंवा यंत्र कसं वापरायचं ते सांगणारे तुकडे, बहुतेक वेळा बाहेरगावच्या लोकांसाठी, घराच्या गच्चीवरच्या खोलीत बसून. हे काम गावातलं निघालं याचंच मला अप्रूप वाटलं होतं. ओळखीतल्या एका पॅनलवाल्यांनी सांगितलं, "एका टॉवेलच्या कारखान्यात कोणता माग किती वेळ चालला ते मोजणारा डबा लावलाय. लाईट गेली की तो बिघडतो. बनवणारे फोन उचलत नाहीत. बघता का?" डब्याचा सगळा सोर्स कोड एका पेनड्राइव्हवर होता, तोही कुणीतरी जाता जाता दिलेला.

मी जाईपर्यंत डब्यावर बरेच उपचार होऊन गेले होते. अडॅप्टर बदलला होता. स्टॅबिलायझर लावला होता. शेडमागे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं होतं. त्या खड्ड्यावर पाणी टाकायची जबाबदारी एका पोऱ्यावर होती आणि तो ती इमानेइतबारे पार पाडत होता. कुणी शहाण्याने रोज रात्री बारा वाजता डबा आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोयही करून ठेवली होती. हा उपाय सगळ्यांत घातक. रोज सकाळी डबा ठणठणीत दिसायचा, त्यामुळे आजार आहे की नाही याचीच शंका यायची. लाईट गेली तर त्या दिवसापुरते आकडे बिघडायचे आणि रात्री बाराला पुरावा पुसला जायचा.

"लाईट गेली की बिघडतो" हे वाक्य ऐकून कुणीही इलेक्ट्रिकल दोषच शोधणार. मीही आधी तारांकडेच पाहिलं, त्यात काही वावगं नव्हतं. डब्यात स्वतःची बॅटरी होती, लाईट गेल्यावर तो चालूच राहायचा, स्क्रीनवरचं घड्याळ पुढे सरकत राहायचं. मागांची खूण मात्र गोठलेली. आणि गोठलेली म्हणजे तरी कशी, तर सगळे माग 'बंद' असंही नाही. कधी चौदा बंद आणि दोन चालू, कधी पंधरा बंद आणि एक चालू. त्या एका मागावरचा पोरगा नंतर मला हसत म्हणाला, "मी जेवायला गेलो तरी माझा माग चालूच होता बघा. त्या दिवशी रेकॉर्ड झालं माझं." त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आमचे बाबा कापड गिरणीत होते. १८७७ सालच्या जुन्या मिलबद्दल मी फक्त ऐकलेलं. बाबांची गिरणी वेगळी, पण मी शाळेत असताना तीही शेवटचे दिवस मोजत होती. भोंग्याचा आवाज मात्र पक्का आठवतो. आई भोंग्यावर कुकर लावायची. बाबा घरी फारसं बोलायचे नाहीत, मागाबद्दल मात्र बोलायचे. एकदा त्यांनी मला माग दाखवायला नेलं होतं. तिथला एक काटा त्यांनी बोट दाखवून समजावला होता. आडवा धागा नेणारा धोटा फेरी मारून त्या बाजूला आला की हा काटा चाचपून बघतो, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा आहे का? असला तर माग चालू. नसला तर माग आपोआप थांबतो. ताण्याकडे, म्हणजे उभ्या धाग्यांकडे, आणखी वेगळी तऱ्हा. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पिन लटकलेली असते. धागा तुटला की पिन खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, माग थांबतो. आणि मग कुणी येऊन धागा जोडून ती पिन वर घेईपर्यंत ती तशीच पडून राहते. "ती पडली तेव्हा तू बघितलंस का, असं माग विचारत नाही," बाबा म्हणाले होते. "पडलेली आहे का, एवढंच बघतो." मला त्या वयात त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला धोट्याची भीती वाटत होती, तो उडून डोळ्याला लागतो असं कुणीतरी सांगितलं होतं.

डब्याच्या आतला प्रकार असा होता. प्रत्येक मागाच्या पॅनलमध्ये एक रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारा स्विच, माग चालू असेल तर तो मिटलेला, बंद पडला की उघडा. सोळा रिलेंच्या सोळा तारा एका छोट्या चिपवर येत होत्या. ती चिप आठ-आठच्या दोन गटांत त्या तारा बघायची. कुठलीही एक तार बदलली की ती एक वेगळी तार, इंटरप्टची, खाली ओढायची, म्हणजे तिच्यावरचे व्होल्ट शून्यावर आणायची. म्हणजे प्रोसेसरला सांगायचं, इकडे बघ, काहीतरी बदललंय. प्रोसेसरने येऊन दोन्ही गट वाचले की चिप ती तार परत वर सोडायची. ड्रायव्हरमध्ये कर्नलला सांगून ठेवलं होतं की तार वरून खाली जाईल त्या क्षणी मला उठव. यालाच आम्ही फॉलिंग एज म्हणतो. बघायला गेलं तर यात चूक शोधायला जागा नाही. हजारो ड्रायव्हर असेच लिहिलेले आहेत आणि चालतात.

वाचायला वेळ लागतो, मेख इथे आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यात आय-टू-सी नावाची दोन तारांची बस, शंभर किलोहर्ट्झवर चालणारी. एक बिट जायला दहा मायक्रोसेकंद. आठ बिट आणि वर पोचपावतीचा एक असे नऊ, म्हणजे एका गटाला नव्वद मायक्रोसेकंद. पहिला गट आधी वाचला जातो, दुसरा त्याच्यामागून. आणि चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिलंय की पहिल्या गटाची तक्रार पहिला गट वाचल्यावरच मिटते, दुसऱ्याची दुसरा वाचल्यावर. आता समजा दोन्ही गटांत बदल झालाय. तार खाली आहे. ड्रायव्हर उठला, त्याने पहिला गट वाचला, त्याची तक्रार मिटली. तार अजून खालीच, कारण दुसऱ्या गटाचं बाकी आहे. ड्रायव्हर दुसरा गट वाचत असताना, त्या नव्वद मायक्रोसेकंदांत, पहिल्या गटातला एखादा रिले पुन्हा हलला. चिपने पहिल्या गटाची नवी तक्रार घेतली. मग दुसरा गट वाचून झाला, त्याची तक्रार मिटली, पण पहिल्याची नवी उभी आहे, त्यामुळे तार वर जातच नाही. ड्रायव्हर आपलं काम झालं म्हणून झोपला. तो आता वाट बघतोय तार वरून खाली येण्याची. आणि तार तर खालीच आहे. वर जाईल कशी, कुणी वाचल्याशिवाय? आणि वाचेल कोण, तार खाली आल्याशिवाय?

रात्री बारापर्यंत हे असंच.

शेडमध्ये मी लॅपटॉप जोडून प्रॉक इंटरप्ट्स ही फाइल उघडली, कुठला इंटरप्ट किती वेळा आला ते तिच्यात दिसतं, तेव्हा डब्याच्या नावासमोरचा आकडा थिजलेला होता. माग चालू होत होते, बंद होत होते, आकडा जागचा हलत नव्हता. मग मल्टिमीटरची एक पिन ग्राउंडला आणि दुसरी इंटरप्टच्या पायाला लावली. शून्य व्होल्ट. पाच मिनिटांनी परत लावली, शून्य. जॉबर माझ्या खांद्यावरून बघत होता. "तार तुटलीय का मॅडम?" तुटलेली असती तर तिथे तीन पूर्णांक तीन व्होल्ट दिसले असते, पुल-अप रेझिस्टर तिला वर ओढून धरतो. ही तार कुणीतरी मुद्दाम खाली धरून ठेवली होती. मी बाजूने एक कमांड देऊन दोन्ही गट हाताने वाचले. मीटरचा काटा नव्हता, आकडेच होते, पण ते ज्या झटक्याने वर गेले त्याने माझ्या पोटात कसंतरी झालं. स्क्रीनवर माग पटापट खरे दिसायला लागले. "झालं?" जॉबरने विचारलं. झालं नव्हतं, पण कुठे शोधायचं ते कळलं होतं.

शेडमध्ये असे दोष सिद्ध करता येत नाहीत. तिथे धूळ आहे, चहा आहे, येणारजाणारे आहेत. घरी मी दुसरा एक छोटा बोर्ड घेतला आणि सोळा रिलेंचं सोंग त्याला दिलं. एकेक तार आलटून पालटून, रात्रभर. सकाळी उठून बघितलं तर डबा मजेत. मग सगळ्या तारा एकदम हलवल्या, त्याही थोड्या मागेपुढे, थरथरत, खरे रिले उघडताना थरथरतात तशा. चहा ओतून परत येईपर्यंत डबा मेला होता. तरी माझं समाधान होईना, कारण हे नव्वद मायक्रोसेकंदांमुळेच झालं हे अजून कुठे दिसलं होतं? म्हणून ड्रायव्हरमध्ये दोन गटांची वाचनं वेगळी केली आणि मध्ये मुद्दाम थांबा टाकला, चांगला काही मिलिसेकंदांचा. फट रुंद केली म्हणा. आता तो दर वेळी मरायला लागला, मी म्हणेन तेव्हा. असा दोष, दोन गोष्टी नेमक्या एका वेळी घडल्या तरच उमटणारा, म्हणजे रेस कंडिशन. तिच्या मागे लागलेल्या माणसाला यापरतं सुख नाही. जो दोष वाटेल तेव्हा येतो आणि वाटेल तेव्हा जातो, तो हाक मारली की यायला लागला म्हणजे निम्मं काम झालं. त्या दिवशी दुपारी मी आईला उगाच बाजारात घेऊन गेले, आमरसासाठी आंबे घेतले.

लाईट गेल्यावरच का, याचंही उत्तर त्यात मिळालं. एरवी माग एकेकटे थांबतात. याचा धागा आता तुटला, त्याचा चार मिनिटांनी. सोळांपैकी दोन माग बरोबर त्या फटीत एकत्र येतील अशी वेळ क्वचित. लाईट गेली की मात्र सोळाच्या सोळा रिले काही मिलिसेकंदांत सुटतात, प्रत्येकाच्या पॅनलमधल्या कपॅसिटरमध्ये जितका जीव उरला असेल तितक्या वेळाने, आणि सुटताना प्रत्येकाचा संपर्क दोन-चारदा थरथरतो. वीजपुरवठा, अर्थिंग, स्टॅबिलायझर यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. लाईट जाणं म्हणजे डब्याच्या दृष्टीने फक्त एवढंच, की सगळे एकदम बोलले. ज्याने हा ड्रायव्हर लिहिला त्याने तो टेबलावर एक बटण दाबून-सोडून तपासला असावा. एका बटणाने हा दोष हजार वर्षं दिसला नसता, कारण त्याला दोन्ही गट एकाच वेळी हलावे लागतात. मला त्या माणसाचा राग आला नाही. राग आला तो नंतर, मिठा-कोळशाचा खड्डा बघून, आणि तोही नेमका कुणावर ते ठरेना.

१४ ऑगस्ट २००३ ची अमेरिकेतली गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमाराला अलार्मची यंत्रणा थांबली. कारण रेस कंडिशन, दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातला होता. पडदे चालू होते, फक्त नवीन अलार्म येत नव्हते. बाहेर तारा झाडांना टेकून एकेक लाइन ट्रिप होत होती आणि आत बसलेल्यांना वाटत होतं सगळं आलबेल आहे. चारच्या पुढे ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. यंत्र बंद पडलेलं कळतं. पण चालू राहून ऐकायचं थांबलेलं यंत्र कळत नाही. तिथे शांतता म्हणजे 'ठीक' असा अर्थ घेतला गेला, इथे शांतता म्हणजे 'मामा जागेवर नव्हते' असा. आमचा डबा त्यामानाने किती क्षुल्लक, पाच कोटींपुढे एक अकरा नंबरचा माग. मला मात्र हे वाचताना पाच कोटी कधीच डोळ्यांसमोर येत नाहीत, त्या कक्षातले ते खुर्चीवरचे लोक येतात, आणि पुढे चौकशीत त्यांना काय काय विचारलं असेल ते.

दुरुस्ती दिसायला हास्यास्पद आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्या इंटरप्टच्या ओळीत शेवटी एक आकडा असतो. तिथे दोन होता, मी आठ केला. दोन म्हणजे तार खाली येताना मला उठव. आठ म्हणजे तार खाली असेल तोवर मला उठव. आधी ड्रायव्हर पिन पडण्याच्या क्षणाला टपून बसायचा, आता पिन पडलेली आहे का एवढंच बघतो. बाबा असते तर म्हणाले असते, यात काय मोठंसं, आमच्या मागाला पहिल्यापासून हेच होतं. वाचून झाल्यावर तार अजून खालीच असेल तर कर्नल ड्रायव्हरला लगेच परत उठवतो, फट कितीही रुंद असली तरी. मी माझा तो मुद्दाम टाकलेला थांबा तसाच ठेवून तपासलं. मेला नाही.

आकड्यामागे काम होतंच. प्रोसेसरच्या त्या पिनेला लेव्हलवर, म्हणजे तार खाली असेल तोवर, इंटरप्ट घेता येतो का ते आधी बघावं लागलं, सगळ्यांना येत नाही. शिवाय लेव्हलची स्वतःची खोड आहे. इंटरप्टच्या ऐन क्षणी कर्नलला झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, परवानगी नसते आणि आय-टू-सी वाचायचं तर झोपावं लागतं, म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूने चालणाऱ्या स्वतंत्र कामात, करतात. २००९ साली कर्नलच्या २.६.३० आवृत्तीत ही सोय आली. पण थ्रेड उठून वाचेपर्यंत तार खालीच असणार, आणि खाली आहे म्हणून कर्नल पुन्हा पुन्हा उठवत राहणार, इतका की प्रोसेसरला दुसरं काही सुचू नये. त्यासाठी वनशॉट नावाचा झेंडा लावावा लागतो, म्हणजे थ्रेडचं काम पुरं होईपर्यंत ती तार झाकून ठेव. तो विसरलात तर अलीकडचा कर्नल असा इंटरप्ट नोंदवूनच घेत नाही, लॉगमध्ये खडसावतो. असा खडसावणारा कर्नल मला आवडतो.

आणि एक गोष्ट मी केली जी आमच्यातल्या सोवळ्या लोकांना आवडणार नाही. दर दोन सेकंदांनी, कुणी बोलावलं नाही तरी, ड्रायव्हर दोन्ही गट वाचून बघतो. कारण त्याच डेटाशीटमध्ये आणखी एक वाक्य आहे, की पोचपावतीच्या बिटच्या ऐन वेळी झालेला बदल चिपच्या हातून निसटू शकतो. इंटरप्ट असताना पोलिंग करणं, असं आपणच ठरावीक वेळाने डोकावत राहणं, म्हणजे आपल्या कामावर आपलाच विश्वास नाही असं दाखवणं, असं मी स्वतः इतरांच्या कोडवर लिहिलेलं आहे. पण ते लिहिताना मी शेडमध्ये उभी नव्हते. आता दोन जण वाचणार, इंटरप्टचा थ्रेड आणि हा दोन सेकंदांवाला, म्हणून मध्ये एक म्युटेक्स, एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, आला, नाहीतर एक रेस मिटवताना दुसरी जन्माला घातली असती.

शेडमध्ये तपासायचं म्हणजे लाईट जायला हवी. मी मेन स्विच पाडू का विचारलं तर मालकांनी हातच जोडले. माग असा मध्येच थांबला की परत सुरू करताना कापडावर आडवा पट्टा उमटतो, स्टार्टिंग मार्क. सोळा मागांवर सोळा पट्टे, तेवढे टॉवेल सेकंडमध्ये. रास्तच होतं. मग मी लाईट जायची वाट बघत बसले. मे महिन्यात सोलापुरात लाईट जायची वाट बघणारी बाई, जॉबरने हे इतक्यांना सांगितलं की चहावाला पोरगाही मला विचारायचा, "आज जाईल का मॅडम?" हवी होती तेव्हा गेली नाही. एकदा मी लॅपटॉप आवरून निघणार तोच पश्चिमेकडून आभाळ काळं झालं, धुळीचा लोट आला, पत्रा वाजायला लागला आणि सोळाही माग थांबले. प्रॉक इंटरप्ट्समधला आकडा झरझर वाढला, थबकला. स्क्रीनवर सोळा बंद. अर्ध्या तासाने लाईट आली, सगळ्यांत आधी मामांनी त्यांचा माग सुरू केला, अकरा नंबरला हिरवं आलं. मी जोरात टाळी वाजवली ती मागांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेली नाही.

त्यानंतर मामांनी जे विचारलं त्याची तयारी मी केली नव्हती. "पुढचं बरोबर येईल म्हणताव ताई. मागचं काय?" मागचं म्हणजे मोबाइलमध्ये साठलेले सगळे दिवस, मालकांच्या मुलाने बनवलेली महिन्यांची बेरीज, कोण किती वेळ बंद. हुकलेल्या इंटरप्टची कुठेच नोंद नसते, जे वाचलंच नाही ते परत कुठून काढणार? पण डबा बॅटरीवर कधी गेला ते तो दुसऱ्या एका तारेवरून नोंदवत होता आणि ती नोंद शाबूत होती. त्यावरून निदान कोणत्या दिवशी कधीपासून रात्री बारापर्यंतचे आकडे भरवशाचे नाहीत ते सांगता येत होतं. मी ती यादी काढली. लांबलचक निघाली, अर्थात. मालकांच्या मुलाला पाठवली, वर स्वच्छ शब्दांत लिहिलं की या वेळांतला 'बंद' आणि 'चालू' दोन्ही धरू नयेत. त्याने अंगठा पाठवला. मुलगा वाईट नाही. इंजिनियर आहे, कारखाना चालवायचा म्हणून पुण्याची नोकरी सोडून आलाय, सुताचे भाव आणि उधारी यांनी पिचलेला आहे. एका कुठल्या आकड्यावर तरी विश्वास ठेवता यावा एवढीच त्याची अपेक्षा. मामांना त्याने काही सांगितलं का ते मी विचारलं नाही, मामा आपण होऊन बोलले नाहीत.

सगळ्यांत खरं बोलला तो जॉबर. बिल घ्यायला गेले तेव्हा म्हणाला, "चांगलं केलं मॅडम तुम्ही. पण आता डब्यावर ढकलता येणार नाही बघा." पूर्वी कुणी पंधरा मिनिटं तंबाखू मळत बाहेर उभा राहिला आणि विचारणा झाली तर 'डबाच खोटा आहे' म्हणायची सोय होती, आणि अर्ध्या वेळी ते खरंही असायचं. ती सोय मी काढून घेतली. मामांवरचा खोटा आळ यापुढे येणार नाही, आणि त्याच दुरुस्तीने बाकी पंधरा जणांवरचा खरा हिशोब पक्का झाला. दोष असताना डबा लहरी होता, कुणालाही फळायचा, कुणालाही नडायचा. आता तो बिनचूक आहे आणि त्यामुळे तो पूर्णपणे मालकांचा आहे. यावर मी काय करायला हवं होतं? नव्वद मायक्रोसेकंदांची ती फट माणसांसाठी ठेवायची होती? हे लिहितानाही हसू येतं, कारण फटीने वाचवलं त्या पोराला आणि अडकवलं मामांना. चुकीच्या यंत्राला दया नसते, बिनचूक यंत्रालाही नसते. फरक एवढाच की बिनचूक यंत्रावर कुणी संशय घेत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते.

परवा मालकांच्या मुलाचा फोन आला. डबा झकास चाललाय म्हणाला. आता माग पाच मिनिटांच्या वर बंद राहिला तर त्याच्या मोबाइलवर विणकराच्या नावासकट मेसेज हवा आहे. मी कोटेशन पाठवलं. त्यात लाईट गेलेला वेळ वेगळा दाखवायचं कलम घातलं, बंद पडण्याचं कारण विणकराला स्वतः दाबता येईल असं बटण घातलं, आणि रिपोर्टच्या डोक्यावर एक ओळ घातली: डब्याने मागांकडे शेवटचं केव्हा बघितलं ती वेळ. त्या ओळीचे पैसे लावले नाहीत. त्याने बटणावर घासाघीस केली, मेसेजवर केली, येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यावरसुद्धा केली. ती ओळ तशीच राहिली.